शालनताईंचा परदेश

कोरेगावात कुणाचा मुलगा जर्मनीत किंवा दुबईत असला आणि त्याच्या आईबापांनी त्याच्याकडे जायचं ठरवलं, की ते आधी शालनताईंकडे चौकशीला यायचे. शालनताई जर्मनीला गेलेल्या नव्हत्या. दुबईलाही नव्हत्या. त्या तीनच देशांत जाऊन आल्या होत्या: नेपाळ, श्रीलंका आणि व्हिएतनाम. पण याची अडचण कुणाला वाटायची नाही, शालनताईंना तर अजिबातच नाही. त्या चहा टाकायच्या, समोर मांडी घालून बसायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "उतरल्यावर न्यायला कोण येणार हाय?"

"मुलगा येणार की, गाडी घेऊन."

इथे त्यांचा रस संपायचा. "मग मला काय इचारताय? पोत्यागत जायचं, पोत्यागत उतरायचं. पोत्याला कोण रस्ता सांगतं व्हय?"

माणसं चहा पिऊन, जरा हिरमुसून, पण समाधानानं परत जायची. शालनताईंना विचारून झालं, एवढं त्यांना पुरत असे.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. मी पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाले, त्या एसटीतून कंडक्टर म्हणून. त्यांचा नवरा एसटीतच ड्रायव्हर होता. तो काविळीनं गेला तेव्हा मुलगा लहान होता. अनुकंपेवर नोकरी मिळाली, खाकी साडी आली, गळ्यात पैशाची पिशवी आली. माहेर वडूजच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. वडील दरवर्षी कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पाऊस तोंडावर आला की वर यायचे. "आमचं घराणंच फिरतं," त्या सांगायच्या. "मी तेवढी डब्यात बसून फिरले, तेबी तिथल्या तिथं." तिथल्या तिथं म्हणजे कोरेगाव-रहिमतपूर, कोरेगाव-वडूज, आणि फार झालं तर सांगली.

निरोपसमारंभाला त्यांच्याआधी दोन साहेब पुष्कळ वेळ बोलले. मग त्या उठल्या, म्हणाल्या, "रोज परवास केला आनि कुटंबी गेले न्हाई. आता जाईन म्हणते." आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं, काशीला जातील.

त्यांच्या काही सवयी नोकरी सुटली तरी सुटल्या नाहीत. कुठल्याही गाडीत त्या सगळ्यांच्या शेवटी बसायच्या. बसण्याआधी मागून पुढे जात प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून माणसं मोजायच्या. हे त्या लग्नाच्या पंगतीतही करायच्या. एकदा व्याह्यांच्या खांद्याला बोट लागलं आणि त्यांनी दचकून वाढप्याकडे पाहिलं. कुणी दारात उभं राहून बोलू लागलं की त्या म्हणायच्या, "आत सरका, आत सरका, मधी जागा हाय." घरात तेव्हा आम्ही दोघीच असायचो.

भाषेबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "भाषा येत न्हाई म्हणून कोण गाडीतनं खाली उतरवत न्हाई." त्यामुळे त्या जगात सगळीकडे मराठीच बोलल्या. हात मात्र पुष्कळ करायच्या. आणि दुसरं मत पडदे लावलेल्या टुरिस्ट बसबद्दल होतं. "पडद्याच्या गाडीतनं आजारी माणूस न्यावा, न्हाईतर नवी नवरी. देश बघायचा तर त्येंच्या गाडीत, त्येंच्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून बघावा. म्हंजी वाससुदीक येतो."

पहिला परदेश नेपाळ. तिथं जायला विमान लागत नाही, हे त्यांना कुणीतरी रहिमतपूरच्या बाजारात सांगितलं होतं. आम्ही दोघी रेल्वेनं गोरखपूरला गेलो, तिथून बसनं सरहद्दीवर. सरहद्द म्हणजे रस्त्यात एक कमान होती. लोक डोक्यावर पोती घेऊन अलीकडून पलीकडे चालले होते. आम्हीही चालत गेलो. कमानीखालून पार झाल्यावर शालनताई थांबल्या, मागं वळून भारताकडे पाहिलं, मग पुढं नेपाळकडे पाहिलं. दोन्हीकडे रिक्षावाले होते.

"झाला परदेश?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मग चपल्या झिजवून आलो म्हणायचं. बाबाबी असंच जायचे."

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. मी घड्याळ लावून घेतलं, त्यांनी नाही घेतलं. पंधरा मिनिटांसाठी घड्याळाला कशाला त्रास, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या बसमध्ये कंडक्टर म्हणजे एक दणकट गडी असतो. तो दारात लोंबकळतो आणि पत्र्यावर थापा मारून ड्रायव्हरला थांब-चल सांगतो. शालनताईंनी दिवसभर त्या थापा कान देऊन ऐकल्या. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "आवाज चांगला हाय, पण पत्रा टिकायचा न्हाई."

पोखऱ्याच्या वाटेवर दरड कोसळली आणि गाड्यांची रांग लागली. माणसं उतरून रस्त्यावर पांगली. कुणी चहाला गेलं, कुणी दरड बघायला. रस्ता मोकळा झाला तेव्हा आमचा ड्रायव्हर निघायच्या घाईत होता. शालनताईंनी बोट लावून मोजणी केली आणि गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एक माणूस कमी होता. ड्रायव्हर नेपाळीत ओरडत होता, त्या मराठीत. शेवटी एक म्हातारा झाडामागून धोतर सावरत आला. मग त्या बाजूला झाल्या. पोखऱ्याला उतरताना त्या म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला. बहुतेक त्याला वाटलं, गाडी मीच अडवली होती.

दुसरा परदेश श्रीलंका. तो मला विसरता येत नाही. शालनताईंचं माणूस म्हणून जे काही होतं, ते मला तिथं दिसलं.

साताऱ्यातल्या एका एजंटाची ती बायकांची सहल होती. नवख्या देशात सोबत असलेली बरी म्हणून मी हट्ट धरला, आणि शालनताई नाइलाजानं पडद्याच्या गाडीला तयार झाल्या. त्या सहलीत विमल नावाची एक बाई होती, रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातली, आमच्यापेक्षा थोडी लहान. घरी ऊस, मुलगा शेती बघणारा, सून चांगली. ती फार बोलत नसे. नवरा फौजेत होता आणि तरुणपणीच गेला, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या भागात हे ऐकून कुणी पुढं विचारत नाही. प्रत्येक गावात एखादी असते.

विमानात शालनताई पहिल्यांदाच बसल्या. हवाई सुंदरींचं काम त्यांनी शेवटपर्यंत बारकाईनं पाहिलं. "पोरी कामाच्या हायत," त्या म्हणाल्या, "पण उभी माणसं घेत न्हाईत, त्याचा लय फरक पडतो."

कोलंबोला आमच्या गाडीबरोबर जो ड्रायव्हर आला तोच गाइड. त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं आणि त्याचं नाव सुनील होतं. हे कळल्यावर निम्म्या बायकांना परदेश थोडा कमी झाल्यासारखा वाटला. सुनीलनं आम्हाला हत्ती दाखवले, मसाल्याची बाग दाखवली, कँडीला बुद्धाच्या दाताचं देऊळ दाखवलं. चहाचे मळे आणि सीतेची वाटिका दुसऱ्या दिवशी बघायची होती. त्या संध्याकाळी कँडीतल्या हॉटेलच्या व्हरांड्यात विमल शालनताईंजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आक्का, एक इचारू का? हितं परांथन म्हणून स्टँड लागंल का वो कुटं?"

"काय हाय तिथं?"

विमलनं सांगितलं. तिच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आपली फौज लंकेत गेली होती, तिथल्या तमिळ वाघांशी लढत होती, त्यात नवरा मिलिटरीचा ट्रक चालवायचा. रस्त्यात सुरुंग होता. तार आली ती इंग्रजीत. गावच्या गुरुजींनी ती वाचली, त्यात गावाचं नाव परांथन असं होतं. नंतर अस्थी आल्या, पेन्शन आली, मुलगा मोठा झाला. "पोरगं म्हणालं, आये, सहल निघालीय, सीतामाईची बाग बघून ये. मी म्हणलं, बरं. पण मी बागंसाठी न्हाई आले."

"कुणाला सांगितलंस का?"

"न्हाई. सांगून काय, एवढ्या लांब कोण नेतंय."

शालनताईंनी सुनीलला बोलावलं. त्यानं मोबाइलवर नकाशा काढला. परांथन होतं, पार उत्तरेला, जाफन्याच्या अलीकडे. सुनील म्हणाला, मॅडम, फार लांब, सहलीत बसत नाही. वेगळी गाडी करा, पण एवढ्या वेळेत ड्रायव्हर मिळणार नाही. रेल्वेचा भरवसा नाही. मग तो म्हणाला, बस आहे, पण ती टुरिस्टांची नाही.

"कंच्या रंगाची हाय?" शालनताईंनी विचारलं.

सुनील गोंधळला. सरकारी बस लाल, असं तो म्हणाला.

"मग झालं. लाल गाडी रस्त्यात सोडत न्हाई."

एजंटाला त्यांनी फोन केला नाही. बॅगा सुनीलच्या ताब्यात दिल्या, पासपोर्ट आणि एकेक साडी पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही तिघी कँडीच्या स्टँडवर होतो. मला का नेलं, हे मी विचारलं नाही. मोजायला कुणीतरी लागतं.

पहिली जी लाल गाडी लागली, तीत आम्ही बसलो. ती भलतीकडे चालली होती. बऱ्याच वेळानं कंडक्टरनं तिकिटं मागितली, आम्ही परांथन म्हणालो, आणि त्यानं कपाळाला हात लावला. आम्हाला एका वळणावर उतरवलं. विमलचं तोंड एवढंसं झालं. मलाही राग आला होता. शालनताई मात्र रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. "गाडी चुकली म्हणून माणूस चुकत न्हाई," त्या म्हणाल्या. "या हिकडं, हितं सावली हाय." तासाभरात आम्ही परत त्याच स्टँडवर होतो. या वेळी त्यांनी चौघांना विचारून खात्री केली. चौघांनी चार फलाट दाखवले, पाचव्यानं हाताला धरून नेलं.

जाफन्याच्या गाडीत ड्रायव्हरमागची बाकडी रिकामी दिसली म्हणून आम्ही तिथं बसलो. पुढच्या थांब्यावर भगवी वस्त्रं घातलेला एक भिक्खू चढला, आणि सगळी गाडी आमच्याकडे बघू लागली. ती जागा साधूंसाठी राखीव होती. शालनताई उठल्या, त्याला हात जोडले आणि मागं येऊन मला म्हणाल्या, "आपल्यात आमदारासाठी ठेवत्यात. ह्येंच्यात साधूसाठी. बरं हाय, साधू येतो तरी."

कंडक्टर पंचविशीतला, काटक पोरगा होता. त्याला आमचं परांथन काही केल्या कळेना. शालनताईंनी विमलला सांगितलं, तूच सांग. विमलनं सांगितलं. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आ, परंदन! परंदन!"

"परंदन," विमल म्हणाली. इतकी वर्षं तोंडात घोळवलेलं नाव जरा चुकीचंच होतं. तिनं ते दोनतीनदा म्हणून बघितलं. "फलटणवानी वाटतंय."

डोंगर मागं पडले आणि सपाट, तापलेलं रान सुरू झालं. खुरटी झुडपं, लाल माती, मधेच ताडांची रांग. शालनताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "हे आमच्या वडूजकडचं रान हितं कुणी आणून टाकलं?" गाडीत शाळेची पोरं चढली, उतरली. एका बाईनं तिचं तान्हं मूल न विचारता शालनताईंच्या मांडीवर ठेवलं आणि ती उभ्यानं झोपली. शालनताईंनी पोराला सगळा रस्ता मराठीत सांगितला. विमल समोर बघत होती. दुपार झाली तेव्हा कंडक्टर आमच्यापाशी आला आणि बोटानं पुढं दाखवून म्हणाला, "परंदन."

परंदन म्हणजे एक नाका. दोन रस्ते मिळतात, काही दुकानं आहेत, पलीकडे भाताची शेतं. गाडी निघून गेली आणि आम्ही उन्हात उभ्या राहिलो. बघायला काहीच नव्हतं. दगड नाही, पाटी नाही. सुरुंग रस्त्यात कुठं होता, हे सांगणारंही कोण असणार. रस्ता नवा, गुळगुळीत डांबरी होता.

"हितंच का?" विमलनं विचारलं.

"हितंच कुटंतरी," शालनताई म्हणाल्या.

नाक्यावर चहाची टपरी होती. टपरीत एक म्हातारी. आमच्या साड्या बघून ती हसली, बाकडं पुढं ओढलं, चहा दिला. मग विमलच्या मोकळ्या कपाळाकडे बोट करून काहीतरी विचारलं. शालनताईंनी नेहमीसारखं सगळं मराठीत सांगून टाकलं. "हिचा नवरा. मिल्ट्रीत. हितंच गेला, लय वर्सं झाली." त्यात 'मिल्ट्री' होतं, आणि रस्त्याकडे केलेला हात होता.

"इंडियन आर्मी?" म्हातारी म्हणाली.

"व्हय."

म्हातारीचं हसू गेलं. ती जागची उठली. आमचे अर्धे प्यायलेले पेले तिनं उचलले, मागच्या बाजूला ओतले आणि आत जाऊन पाठ करून बसली. तेव्हा मला तिच्या मागची भिंत दिसली. भिंतीवर एका तरुण पोराचा फोटो होता, हार घातलेला.

 शालनताईंनी चहाचे पैसे बाकड्यावर ठेवले. विमल म्हणाली, "आक्का, चला. हिचंबी गेलंय कोणतरी."

"आपल्यांनी केलं आसंल?" शालनताईंनी मला विचारलं.

"काय सांगावं," मी म्हणाले.

आम्ही रस्त्याच्या कडेला कँडीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. आम्हाला त्याच दिवशी परत पोचवील अशी ती बहुधा शेवटची होती. विमल मात्र उलट्या बाजूला बघत होती.

"आक्का, हा रस्ता फुडं कुटं जातो?"

"जाफन्याला."

"सायेब आलेला घरी, तो सांगत होता. जाफन्याला रेशन घिऊन चालले होते म्हणं." तिनं त्या बाजूला बोट केलं. "त्येंचं ऱ्हायलेलं तेवढं जाऊया का?"

तेवढ्यात आमची गाडी आलीच. कंडक्टरनं दारातून हात केला, गाडीचा वेग कमी झाला. दुसऱ्या दिवशी रात्री आमचं परतीचं विमान होतं. आमची खोली, आमची माणसं, सगळं कँडीच्या बाजूला. मी शालनताईंकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. कंडक्टरला हातानं 'जा, जा' केलं, आणि विमलला म्हणाल्या, "चल, पलीकडं. ह्या अंगाला थांबून जाफना कसा यील?"

पलीकडे आम्ही बराच वेळ उभ्या होतो. दोन गाड्या न थांबता गेल्या, भरलेल्या होत्या. तिसरी दिसली तीही त्याच वेगात येत होती. शालनताई हात करत होत्या, ड्रायव्हर बघत नव्हता. तेवढ्यात टपरीतली म्हातारी बाहेर आली. रस्ता ओलांडून सरळ गाडीच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. गाडी करकचून थांबली. म्हातारीनं ड्रायव्हरला तमिळमध्ये काहीतरी सुनावलं, दाराकडे बोट केलं. आम्ही चढलो. तिनं आमच्याकडे बघितलं नाही, आम्हीही काही बोललो नाही. कुठल्या भाषेत बोलणार, हा प्रश्न तेव्हा शालनताईंनाही पडला असावा.

गाडीत मुंगीला जागा नव्हती. शालनताईंनी खिडकीतल्या एका तरुणाला खांद्याला धरून उठवलं आणि तिथं विमलला बसवलं. तोही मुकाट्यानं उठला. थोड्या वेळानं दोन्ही अंगांना पाणी लागलं. मधून फक्त रस्ता, आजूबाजूला चकचकीत, उथळ खाडी आणि वर पांढरे पक्षी. शेजारचा माणूस आम्हाला इंग्रजीत म्हणाला, एलिफंट पास.

"हत्ती म्हणतोय का?" शालनताई म्हणाल्या. "कुटं दिसंनात."

विमल खिडकीवर हात ठेवून बसली होती. त्या सगळ्या रस्त्यात ती एकदाच बोलली. "कडंला पाणी हाय, हे त्येंनी बघितलं नसंल."

जाफन्याच्या स्टँडवर गाडी थांबली. भोंगे, भाजीच्या पाट्या, शाळेच्या सायकली. सगळे उतरले, मग आम्ही. विमल दोन पावलं बाजूला झाली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "पोचलं म्हणायचं."

ती रडली नाही. स्टँडसमोरच्या लॉजमध्ये आम्हाला एक खोली मिळाली. विमल हातपाय धुवायला गेली तेव्हा शालनताई खाटेवर बसून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वैनी, माझा डायवर घरात मेला. माझ्या मांडीवर. पेज मागून प्याला आनि मेला. मी लय वर्सं देवाला शिव्या दिल्या, माझंच वाईट केलंस म्हणून." मग उठल्या आणि कोलंबोच्या गाड्या कुठून सुटतात ते विचारायला खाली गेल्या.

सकाळच्या गाडीनं निघालो. ती कोलंबोला जाता जाता विमानतळाच्या फाट्यावरून जाते, असं त्यांना लॉजवाल्यानं सांगितलं होतं. दिवसभराचा रस्ता. उन्हं कलली तेव्हा फाट्यावर उतरलो आणि एका रिक्षात तिघी बसून विमानतळावर गेलो. शालनताई ड्रायव्हरशेजारी बसायला निघाल्या होत्या, त्यानं बसू दिलं नाही. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. सुनीलची गाडी आली तेव्हा आम्ही कट्ट्यावर केळी खात होतो. सुनील धावत आला आणि त्यानं शालनताईंचे पाय धरले. त्याची नोकरी वाचली होती.

एजंट फोनवर पुष्कळ ओरडला. शालनताईंनी ऐकून घेतलं. "तुमची गाडी टायमात आली, आमचीबी आली," त्या म्हणाल्या. "मग भांडान कशाचं?" फोन मला दिला आणि माणसं मोजायला गेल्या.

विमल घरी गेली. मुलानं विचारलं, काय काय बघितलंस? ती म्हणाली, रस्ता. मुलाला वाटलं, आईला सहल आवडली नाही. त्यानंही एजंटाशी भांडण केलं. खरं काय ते तिनं पुढं कधीतरी सांगितलं असेल, मला ठाऊक नाही. दर दिवाळीला मात्र तिच्याकडून शालनताईंना गुळाची ढेप यायची. त्यातली अर्धी माझी.

व्हिएतनामला त्या सांगलीच्या एका गटाबरोबर गेल्या. मी गेले नाही, गुडघा धरला होता. तिथून परत आल्यावर त्यांच्याकडे एकच विषय होता. तिथं झोपायच्या बस असतात आणि चढताना पायातलं काढून पिशवीत घालायला लावतात. "पायातलं काढून गाडीत," त्या ज्याला त्याला सांगायच्या. "देवळागत. मी आयुष्यभर गाडी झाडली, वैनी, मला हे सुचलं न्हाई." हालोंगची खाडी कशी होती, असं विचारलं तर म्हणायच्या, बरी होती, पाणी होतं.

नंतर मुलानं त्यांना सांगलीला नेलं. तो हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. घराला कुलूप लागलं आणि भिंतीपलीकडून येणारा 'आत सरका'चा आवाज थांबला. त्या फोन करायच्या. सांगलीत कंटाळा येतो म्हणायच्या, लोक रस्ता विचारत नाहीत, मोबाइल बघतात. मग एका श्रावणात मुलाचा फोन आला, आई झोपेतच गेली. आम्ही कोरेगावातून जीप करून गेलो. विमलही आली होती, मागच्या बाकड्यावर बसून.

पण मला त्या दिसतात त्या त्याच्या आधीच्या वर्षी, मी सांगलीला एका लग्नाला गेले होते तेव्हाच्या. परतीच्या गाडीत बसले होते, गाडी स्टँडातून मागं घेत होते. समोरच्या फलाटावर कर्नाटकात जाणारी गाडी उभी होती. तिच्याशेजारी दोन गोरी पोरं, एक मुलगा, एक मुलगी, उन्हानं लाल झालेली, हातात सायकली. आणि त्यांच्यामध्ये शालनताई. गोऱ्या पोराची सायकल त्यांनी एका हातानं धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्या गाडीचा टप दाखवत होत्या. कंडक्टर मान हलवून नाही म्हणत होता. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला गाडीमागच्या शिडीपाशी नेलं. मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकलेली होती. हाक मारली, पण ती आतच राहिली.

आवाज येत नव्हता, नुसतं तोंड दिसत होतं. त्या बोलत होत्या, न थांबता. त्या दोघांना मराठी येत असणं शक्यच नव्हतं. पण दोघंही मान डोलवत होते, अगदी प्रत्येक वाक्याला. कंडक्टर शिडीवर चढू लागला. शालनताईंनी खालून सायकल वर दिली, पदर खोचला आणि दुसरीसाठी हात पुढं केला. तेवढ्यात आमची गाडी वळली.